आधी फट, मग दार

८ नोव्हेंबर

ढग खाली आलेले, वारा उत्तरेचा. संध्याकाळपर्यंत बर्फ पडेल असं वाटतं.

या वहीत मी आजवर फक्त हवामान लिहिलं. शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हाची सवय आहे, निवृत्त झालो तरी सुटली नाही. तारखेखाली दोन ओळी झाल्या की बाकीचं पान कोरं. माझी बायको आर्डिस म्हणायची, एल्डन, कागद फुकट चाललाय, काहीतरी लिही की त्यात. तेव्हा लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आता ती नाही. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं, सगळे येऊन गेले, कुणी जास्त बोललं नाही, ते बरं वाटलं. कारिन परवा ड्युलुथला परत गेली. गाडीत बसताना म्हणाली, बाबा, बंबाकडे लक्ष ठेवा. मी हो म्हटलं.

बंब घरामागे, झाडांच्या रांगेपाशी उभा आहे. लोखंडाची एक लहानशी खोलीच. तिच्या पोटात आग आणि आगीभोवती पाणी. ते पाणी जमिनीखालच्या नळीतून घरात येतं आणि खोल्या उबदार ठेवतं. या भागात बहुतेकांकडे असे बंब आहेत आणि त्यातले बरेच आर्डिसच्या वडिलांच्या, म्हाताऱ्या रिंडालच्या, कारखान्यातले. त्यांच्यानंतर कारखाना तिने चालवला. अंगणातला हा तिने आखलेला शेवटचा. असा एकच आहे. लाकडं तीच घालायची. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून धूर बघायचो.

प्रत्येक बंबाच्या दारावर म्हाताऱ्याच्या काळापासून एक ओळ रंगवलेली असते: आधी फट, मग दार. दार एकदम उघडलं तर आत कोंडलेला धूर हवा मिळताच भडकतो आणि तोंडावर येतो. म्हणून आधी बोटभर फट, मग थोडं थांबायचं, मग दार. याचं रासायनिक कारण मी मुलांना फळ्यावर काढून दाखवायचो. स्वतः दार उघडायची वेळ कधी आली नाही.

१३ नोव्हेंबर

बर्फ. वारा नाही.

कारखान्यात जाऊन आर्डिसच्या टेबलाशी बसलो. तिथे सात माणसं कामाला आहेत. ट्रेलर बनवणाऱ्या एका कंपनीला इमारत हवी आहे. जानेवारी संपायच्या आत उत्तर द्यायचं आहे. मी मनात हो म्हटलेलं आहे. मला बंब बनवता येत नाही, विकता तर त्याहून येत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण सगळ्यांना माहीत आहे हे मला कळतं, कारण मी आत आलो की लव्हॉन रेडिओ बारीक करते.

लव्हॉन ऑफिस सांभाळते. आर्डिसची बालमैत्रीण. तिने कॉफी विचारली, मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली.

१६ नोव्हेंबर

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या आहेत. त्याने झोप लागते, पण दिवसही झोपेसारखाच जातो. मध्ये दोन दिवस मी अंथरुणातच होतो बहुतेक. आज सकाळी एकदम आठवलं की बंबात लाकडं घातलीच नाहीत. नळ्या गोठून फुटल्या असणार असं धरूनच बाहेर पडलो.

बंबावरचा तापमानाचा काटा जागेवर होता. फट उघडली, थांबलो, दार उघडलं. आत लालभडक निखारे आणि त्यांवर दोन ओंडके, अजून पुरते पेटायचेही होते.

दार उघडं ठेवून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. गालांना ऊब लागत होती. या बंबावर ती दोन उन्हाळे काम करत होती. जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने हवेची वाट काढून दाखवायची. मी मान हलवायचो.

२४ नोव्हेंबर

शून्याखाली. आकाश स्वच्छ. धूर सरळ वर जातो आणि तिथेच उभा राहतो.

मी आता प्रयोग म्हणून एक दिवसाआड लाकडं घालतो. माझ्याकडे पॉपलच आहे, हलकं, भराभर जळणारं लाकूड, तेही या उन्हाळ्यात तोडलेलं, ओलं. आर्डिस आजारी पडली आणि ते वाळायला रचायचं राहून गेलं. ओल्या पॉपलवर कुठलाही बंब इतका वेळ धरणार नाही, हे मलासुद्धा कळतं. हा धरतो.

कानातली यंत्रं काढली की मला काहीही ऐकू येत नाही. पण अंथरुणात पडल्यावर जमिनीखालून पाणी येत असलेलं कळतं. आवाज नव्हे, एक बारीक थरथर. झोप लागायच्या वेळी वाटतं, कुणीतरी मोजे घालून घरातून फिरतंय, उगाच काही उचलतंय, जागेवर ठेवतंय.

झाडांच्या रांगेतून बंबापर्यंत हरणांनी वाट पाडली आहे. उबेला येत असणार. खुरं काही उमटलेली दिसत नाहीत, वारा बर्फ झाडून टाकतो. केरसुणी फिरवल्यासारखा.

४ डिसेंबर

आज कारखान्यात कॉफीच्या वेळी मी बोललो. सहसा मी बोलत नाही, म्हणून सगळे थांबले. सांगितलं की आर्डिसचा शेवटचा बंब ओल्या पॉपलवर दोन दिवस विझत नाही, मी स्वतः तपासून पाहिलं आहे, आणि हे बाहेरच्या लोकांना कळलं तर कदाचित इमारत विकावी लागणार नाही.

सगळे आपापल्या कपात बघत होते. लव्हॉनने लिंबाच्या वड्यांची ताटली पुढे केली आणि लगेच मागे घेतली, कुणी उचलायच्या आतच.

डुएन पेलोव्स्की म्हणाला, “सर, थंडी अजून म्हणावी तशी पडली कुठे.”

डुएन वेल्डिंग करतो. माझा विद्यार्थी, प्रयोगवहीत नेहमी उत्तर आधी लिहायचा आणि कृती नंतर. आर्डिसबरोबर त्याने या बंबाचा सांधा न् सांधा जोडला आहे. त्याला तरी आनंद व्हायला हवा होता. पण ही माणसं दुःख जसं गिळतात तसा आनंदही गिळतात. मीही त्यातलाच.

१० डिसेंबर

शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या बर्नीस व्हेल्निट्झबाईंना फोन केला. त्या तिकडे पन्नासेक गावांत बंब विकतात, म्हाताऱ्या रिंडालच्या काळापासून. आर्डिस त्यांना घाबरायची. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, जानेवारीत खरी थंडी पडली की येते, कागदावरचं मला नको. त्यांनी घेतला तर कारखाना चालेल, नाही घेतला तर ट्रेलरवाले आहेतच. हेही लव्हॉनला सांगितलं. ती म्हणाली, “अरे देवा,” आणि मग, “छान झालं, एल्डन.”

संध्याकाळी डुएन घरी आला. दारातच उभा राहिला, पिकअपचं इंजिन चालू ठेवून. तळ्यावरचा बर्फ किती जाड झाला ते सांगितलं. मासे लागत नाहीत म्हणाला. मी आत ये म्हटलं, त्याने नको म्हटलं, मी पुन्हा म्हटलं, त्याने पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्याने दाराच्या चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाला, “सर, तो बंब...”

मी थांबलो.

“चांगला आहे,” म्हणाला आणि गेला.

१९ डिसेंबर

बंबाच्या दारापाशी बर्चच्या सालीचा पांढरा तुकडा पडलेला होता. माझ्या लाकडांत बर्च नाही. आर्डिसच्या वेळचा असणार, बर्फाखालून वर आला असेल. खिशात घालून घरात आणला. टेबलावर ठेवला आहे. वाळून गुंडाळला गेला आहे, कानासारखा.

२५ डिसेंबर

कारिन आली होती. लेफ्सा केल्या, बटाट्याच्या पातळ पोळ्या, आर्डिसच्या तव्यावर. पहिल्या तीन फाटल्या. घर इतकं गरम होतं की कारिनने खिडकी किलकिली केली. म्हणाली, बाबा, तुम्ही इतकं नीट सांभाळाल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, मी काहीच करत नाही, तुझ्या आईने केलंय.

१५ जानेवारी

शून्याखाली तीसच्या पुढे. हवेतल्या हिमकणांमुळे सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य. तारांवर, कुंपणावर, मेलेल्या गवतावर हिमाचे काटे. बाहेर श्वास सोडला की तो खाली पडेल असं वाटतं.

अशा दिवशी सगळं जग दुधात बुडवून ठेवल्यासारखं दिसतं आणि त्यात एकच गोष्ट हलत असते, आमच्या बंबाचा धूर. सकाळी चहा घेऊन मी खिडकीशी उभा राहतो. आपण झोपेतच आहोत आणि तिकडे कुणीतरी जागं आहे असं वाटत राहतं. हे मी कारिनला सांगणार नाही.

२२ जानेवारी

कालचं आज लिहितो.

बर्नीसबाई काल उजाडायच्या आत आल्या. उंच, वाकलेल्या, सत्तरीच्या पुढच्या, पुरुषी टोपी. दारावरची ओळ वाचली, फट केली, थांबल्या, दार उघडलं. निखारे पाहून हुं म्हणाल्या. माझी लाकडं हातात घेऊन वजन पाहिलं. “मास्तर, हे लाकूड घालता का पाणी?” मी सांगितलं, पहिल्यापासून हेच घालतोय. त्यांनी बंब भरला, दार लावलं, गाडीतून घडीची खुर्ची आणली आणि वाऱ्याकडे पाठ करून बंबासमोर बसल्या. घोंगडी, थर्मास, पायाखाली फळी. म्हणाल्या, आत बसून मला चहाच मिळेल, बंब नाही कळणार.

मी त्यांच्याजवळ उभा राहिलो, मधूनमधून आत गेलो.

दहाच्या सुमारास डुएनची पिकअप रस्त्यावरून हळू गेली. थोड्या वेळाने परत आली. बाराच्या सुमारास पुन्हा. मागे ताडपत्री ओढलेली होती. त्याचा कुत्रा हरवला असावा असं मला वाटलं.

दुपारी लव्हॉन बटाटा-खिम्याचा मोठा ट्रे घेऊन आली. म्हणाली, दोघं आत चला, गरम आहे तोवर खा, मी बघते बंबाकडे. बर्नीसबाई म्हणाल्या, इथेच आण. लव्हॉन म्हणाली, काटेचमचे आत आहेत. बर्नीसबाईंनी खिशातून चमचा काढला. लव्हॉन बंबाच्या दाराकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. थंडीने येतं.

सूर्य खाली आला तसा काटा खाली यायला लागला. मी काच पुसली. काटा चिकटला असेल म्हणून टिचकी मारली. शेवटी बर्नीसबाई उठल्या, फट केली, थांबल्या, दार उघडलं. तळाशी मूठभर निखारे, राखेखाली गेलेले.

“रात्रीच्या जेवणाची वेळ व्हायच्या आतच झोपला तुमचा बंब,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं की असं आजवर एकदाही झालेलं नाही. दोन महिन्यांत एकदाही नाही.

“मग कुणीतरी जागं ठेवत असणार, मास्तर.”

तेवढ्यात पिकअप आत वळली. डुएन उतरला, ताडपत्री बाजूला केली. वाळलेला ओक होता आणि बर्च. साली पांढऱ्या. त्याने एक ओंडका उचलला, पुन्हा खाली ठेवला, हातमोजे काढले.

“आम्ही घालत होतो, सर.”

मी त्या पांढऱ्या सालींकडे बघितलं.

“पहिल्या आठवड्यात कामाला जाताना धूर दिसला नाही. म्हटलं, राहिलं असेल. म्हणून वळलो. मग रोजच वळायला लागलो. पहाटे मी. संध्याकाळी यायचो तर बंब भरलेलाच असायचा. मलासुद्धा वाटलं, आर्डिसने काय जादू केलीय. मग एकदा लव्हॉन सापडली, केरसुणीने पाऊलखुणा झाडत होती.”

लव्हॉन ट्रे धरून उभी होती. “मला वाटलं, मी एकटीच आहे,” ती म्हणाली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

“सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, आम्हाला वाटतंय की तुमच्याच्याने होत नाही.” डुएन बूट बर्फात रुतवत राहिला. “आणि नंतर तुम्ही म्हणालात, कारखाना चालू राहील. मग तर तोंडच उघडेना. ते वाईट केलं आम्ही. आपापल्या मुलाबाळांचं बघितलं.”

बर्नीसबाई खुर्चीची घडी घालत होत्या. म्हणाल्या, तुमच्या या राज्यात एक सरळ वाक्य बाहेर यायला नोव्हेंबर ते जानेवारी लागतात. कुणी हसलं नाही. मग लव्हॉनला हसू आलं आणि ट्रे हलला.

मग चौघांनी मिळून बंब भरला, ओकने. अंधार पडायच्या आत काटा चढायला लागला. माझ्या चुकीच्या दाव्यावर बर्नीसबाई काही बोलल्या नाहीत. गाडीत बसताना एवढंच म्हणाल्या की या थंडीत, त्या भिजलेल्या पॉपलवर, संध्याकाळपर्यंत धरणारा बंब त्यांनी दुसरा पाहिलेला नाही, निम्म्या वेळात बसतात बाकीचे. त्यांच्याकडचे लोकही ओलंच घालतात आणि मग विकणाऱ्याला शिव्या देतात. पुढच्या हिवाळ्यासाठी असे बंब हवेत. किती ते फोनवर सांगते. आणि माहितीपत्रकात खोटं छापू नका.

मला लाज वाटली, ती लिहून ठेवतो. शिकवलं आयुष्यभर हेच की जे हवंसं वाटतं ते आधी तपासा. काटा पाहिला, निखारे पाहिले, बर्चची साल हातात घेतली. हरणांना खुरं नव्हती तरी ती हरणंच.

अजून एक आहे, ते वर कुठे लिहिलेलं नाही. रोज सकाळी दार उघडताना मला वाटायचं, ती आत्ताच इथून गेली.

कुणीतरी आत्ताच गेलेलं असायचं, एवढं खरं होतं.

३० जानेवारी

ढगाळ. थोडा बर्फ.

ट्रेलरवाल्यांना नाही म्हणून कळवलं. एका हिवाळ्यापुरतं तरी. लव्हॉनने रेडिओ मोठा केला.

माहितीपत्रकासाठी मी लिहिलं: ओल्या लाकडावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यापुढे कुणीतरी लागतं. लव्हॉन म्हणाली, दुसरं वाक्य काढू या, लोक घाबरतील. डुएन म्हणाला, राहू दे. राहिलं.

बंब आता मी दोन वेळा भरतो. सकाळी आणि रात्रीच्या जेवणाआधी. गोळ्या बंद केल्या. पहिल्या रात्री झोप आली नाही, पण पाणी येत असलेलं कळत होतं. फक्त पाणी होतं. तेही चालतं.

६ मार्च

छपरावरून पाणी गळतं, दुपारनंतर पुन्हा गोठतं.

डुएनच्या वडिलांना फार्गोच्या इस्पितळात नेलं. तो आणि बायको तिकडेच आहेत, घराला कुलूप. सकाळी कारखान्यात जाताना त्यांच्या अंगणाकडे पाहिलं. त्यांचा बंब जुना आहे, म्हाताऱ्या रिंडालच्या हातचा. धूर नव्हता.

घरी परतलो, गाडीत ओक भरला आणि त्यांच्या अंगणात गेलो.

बंबाच्या दारावरचा रंग उडाला आहे, ‘फट’ तेवढं वाचता येतं. मी फट केली, थांबलो. आतून ऊब आली. दार उघडलं तर बंब वरपर्यंत भरलेला, नुकता, साली अजून पेटायच्या होत्या. जमिनीवर बर्फ झाडून काढलेला. लव्हॉन माझ्या आधी येऊन गेली होती.

तरी एका ओंडक्याची जागा होती. तो बसवला. पाऊलखुणा स्प्रूसच्या फांदीने पुसल्या. माझं केरसुणीइतकं नीट जमलं नाही.

१० मार्च

धुकं. सकाळी काहीच दिसत नव्हतं, बंबही नाही, नुसता धुराचा वास.

डुएन परत आला. वडील बरे आहेत, उठून बसतात, जेवणाला नावं ठेवतात.

कॉफीच्या वेळी कुणाकडे न बघता तो म्हणाला की कमाल आहे, चार दिवस घरी कुणी नव्हतं आणि आमचा तो जुना बंब काही विझला नाही.

सगळे कपात बघत होते. लव्हॉनने विचारलं, अजून कुणाला कॉफी.

मी म्हटलं, लाकूड चांगलं असेल.

“असेल, सर,” डुएन म्हणाला.